अलिबागची वेधशाळा आणि नोंदींचें स्थलांतर



अलिबागेस जाणारा प्रवासी समुद्रांतला कुलाबा किल्ला पाहतो आणि परत फिरतो. त्याच गांवांत १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेणारी एक वेधशाळा उभी आहे, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

ह्या वेधांचा आरंभ मुंबईंतल्या कुलाब्यास १८४१ सालीं झाला. त्या काळीं निरीक्षक दुर्बिणींतून मोजपट्टीवरचा आंकडा डोळ्यांनीं वाचून वहींत उतरवीत. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावरील उत्पातामुळें जगभर चुंबकीय वादळ झालें, तेंहि ह्या वह्यांत टिपलें गेलें. तेव्हां क्षैतिज चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरलें होतें, असें भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह २००३ सालीं दाखविलें. एकशें चव्वेचाळीस वर्षांपूर्वींच्या कारकुनी नेटकेपणाचें हें फळ होय. ती घटिका पुन्हां मोजतां येणार नव्हती.

पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूची विचलित होते. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांनीं अलिबागची जागा पसंत केली. परंतु त्यांनीं घाई केली नाहीं. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन आंकडे ताडून पाहिले, आणि मगच मुंबईचें काम थांबविलें. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, तोंवर नोंदींची सांखळी अलिबागेस सुखरूप पोंचली होती.

आजच्या काळीं असेंच स्थलांतर कागदावरून संगणकांत करावें लागतें. एडगर कॉड ह्या गणितज्ञानें १९७० सालीं सुचविलें कीं, माहिती परस्परांशीं संबद्ध अशा कोष्टकांत ठेवावी. ह्यासच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. एका कोष्टकांत वेधशाळा, दुसऱ्यांत उपकरणें, तिसऱ्यांत वेध. प्रत्येक वेधापुढें केवळ वेधशाळेचा व उपकरणाचा क्रमांक. उपकरणाचा तपशील सुधारावयाचा झाल्यास तो एकाच ठिकाणीं सुधारावा लागतो.

असा डेटाबेस पुष्कळदां लिनक्स ह्या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर बसवितात. लिनक्सचा आरंभ लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं केला. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत वाढलेला पोस्टग्रेस १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल ह्या नांवानें ओळखला जातो. दोन्हीं विनामूल्य मिळतात.

बसविण्याचें काम बहुधा एका आज्ञेनें, कांहीं मिनिटांत उरकतें. खरी कसोटी पुढील व्यवस्थेंत आहे. डेटाबेस सर्वाधिकारी खात्याखालीं न चालवितां त्याच्या स्वतंत्र खात्याखालीं चालवावा. ५४३२ क्रमांकाचें त्याचें दार आरंभीं त्याच यंत्रापुरतें उघडें असतें. बाहेरच्या कोणास, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या परवलीनें आंत घ्यावयाचें, हें एका फाइलींत लिहून ठेवावें लागतें. वाचणाऱ्यास बदलण्याचा अधिकार देऊं नये.

काळाचा प्रश्न तर फारच नाजूक आहे. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें, आणि भारतीय प्रमाणवेळ साडेपांच तास पुढें. कोणता आंकडा कोणत्या वेळेचा, हें न ठरवितां भरलेलें कोष्टक दिसावयास सुबक, पण एकोणचाळीस मिनिटांनीं खोटें ठरेल.

शेवटीं प्रतींविषयीं. रोज एक प्रत निराळ्या यंत्रावर, शक्य तर निराळ्या गांवीं, ठेवावी. आणि ती प्रत अधूनमधून खरोखरच उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा धरूं नये. नवी आवृत्ति बसवितांना जुनी लगेच पुसून टाकूं नये. दोन्हीं शेजारीं ठेवून उत्तरें जुळतात कीं नाहीं हें पाहावें. मूस ह्यांनीं दोन वर्षें दोन वेधशाळा चालविल्या. आपणांस निदान दोन आठवडे दोन डेटाबेस चालविण्यास अडचण नसावी.