वर्धा शिक्षण योजना आणि विचारक्षम हात : बल्लारपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

गोंड राजवटीच्या इतिहासात बल्लारपूरची नोंद राजधानीचे ठिकाण म्हणून आहे. वर्धा नदीच्या काठावरील किल्ला आजही त्या काळाची साक्ष देतो. विसाव्या शतकात मात्र या गावाची ओळख पालटली. कोळशाची खाण, १९२९ मध्ये काझीपेठपर्यंतचा दुवा पूर्ण झाल्यामुळे दिल्ली-मद्रास लोहमार्गावर आलेले बल्हारशाह स्थानक, सागवानाचा डेपो आणि १९४५ मध्ये स्थापन झालेली पेपर मिल यांमुळे बल्लारपूर हे कामगारांचे शहर बनले.

अशा शहरात मुलांच्या भवितव्याचा विचार बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो, तो म्हणजे 'मुलगा कोठे लागेल?' वडील खाणीत असतील तर मुलगाही खाणीत लागावा, ते जमले नाही तर एखादे प्रशिक्षण घेऊन त्याने हाताला काम मिळवावे, अशी पालकांची अपेक्षा असते आणि ती चुकीची म्हणता येत नाही. परंतु यंत्रे बदलतात, खाणींचे आयुष्य संपते, कारखान्यांची मालकी आणि मागणी बदलते. अशा वेळी एकच क्रिया शिकलेला माणूस अडून राहतो. त्या क्रियेमागील कारण ज्याला कळलेले असते, तो दुसरी वाट शोधू शकतो. म्हणूनच मुलांना भावी व्यवसायासाठी तयार करणे म्हणजे त्यांना काम शिकवणे की कामातून विचार करावयास शिकवणे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हा प्रश्न नवा नाही. याच लोहमार्गावरील वर्धा येथे १९३७ मध्ये त्याची सविस्तर चर्चा झाली होती. प्रस्तुत लेखात त्या योजनेचा मूळ हेतू, तिच्या अपयशाची कारणे आणि तिची आजची उपयुक्तता यांचा विचार केलेला आहे.

पूर्वपीठिका

ब्रिटिश काळातील शिक्षणपद्धती पुस्तकी होती आणि तिचा ओढा सरकारी नोकरीकडे होता, ही टीका गांधीजींच्या आधीही झालेली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य यांचा समावेश असावा, अशी मागणी केली होती. बहुजनांच्या मुलांना मिळणारे ज्ञान त्यांच्या जगण्याशी जोडलेले असावे, ही भूमिका त्यामागे होती.

१९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे सत्तेवर आली आणि शिक्षणाच्या पुनर्रचनेचा प्रश्न प्रत्यक्ष धोरणाचा बनला. त्याच वर्षी ३१ जुलैच्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी आपली भूमिका मांडली. मुलाचे शिक्षण एखाद्या उपयुक्त हस्तव्यवसायापासून सुरू व्हावे. मात्र तो व्यवसाय यांत्रिकपणे न शिकवता शास्त्रीय रीतीने शिकवावा, म्हणजेच प्रत्येक क्रियेमागील कारण मुलाला कळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. योजनेचा प्राण याच अटीत होता, असे म्हणता येईल.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले शिक्षण आणि त्यातून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघावा ही अपेक्षा, असे चार ठराव तेथे झाले. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जामिया मिलिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी ही मंडळी तीत होती. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली.

समवाय पद्धती : हातातून डोक्याकडे

या योजनेची सर्वसामान्य आठवण 'टकळीची शाळा' अशी राहिली आहे. समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगासाठी राखलेली होती, हे पाहता ती आठवण अगदीच निराधार नाही. परंतु हा वेळ केवळ सूत काढण्यासाठी नव्हता. भाषा, गणित, विज्ञान व समाजशास्त्र हे विषय मूलोद्योगाशी जोडून शिकवावयाचे होते. यालाच समवाय पद्धती असे नाव मिळाले.

सूतकताईचेच उदाहरण घेऊ. ८४० वार लांबीच्या सुताची एक लड धरली आणि एका पौंडात अशा वीस लडी भरल्या, तर ते सूत वीस नंबरचे. नंबर वाढतो तसे सूत बारीक होते. हे समजून घेताना मुलाला गुणाकार, भागाकार व व्यस्त प्रमाण यांची गरज पडते. सूत का तुटले, या प्रश्नातून धाग्याची लांबी, पीळ आणि हवेतील ओलावा यांचा विचार सुरू होतो. कापूस कोठून आला आणि कापड कोठे गेले, या प्रश्नातून वऱ्हाडातील कापूस, मुंबई व मँचेस्टरच्या गिरण्या आणि पर्यायाने वसाहतवादाचा इतिहास समोर येतो. टकळी तीच राहते, पण तिच्याभोवती प्रश्न उभे राहतात. निरीक्षण करणे, मोजणे, तुलना करणे, अंदाज बांधणे आणि तो चुकल्यास कारण शोधणे, या सवयी कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडणाऱ्या आहेत.

डॉ. झाकिर हुसेन यांनी पुढे आपल्या व्याख्यानांतून हाच मुद्दा अधिक स्पष्ट केला. प्रत्येक काम शैक्षणिक नसते. काय करावयाचे हे आधी मनात ठरवणे, साधनांची आखणी करणे, प्रत्यक्ष काम करणे आणि शेवटी केलेले काम स्वतः तपासणे, या पायऱ्या असतील तरच ते काम शिक्षण ठरते. यांतील पहिली, दुसरी व शेवटची पायरी गाळली की उरते ती केवळ मजुरी.

अंमलबजावणी व अपयशाची कारणे

तत्कालीन चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे, मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होता. या प्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नातून गावची शाळा चालावी, अशी तिची कल्पना होती. 'विद्यामंदिर' या नावाला मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि योजना राजकीय वादात सापडली. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर तिचा आधारच गेला.

तथापि अपयशाचे खापर केवळ राजकारणावर फोडता येणार नाही. दोन दोष योजनेच्या रचनेतच होते. पहिला दोष स्वावलंबनाच्या अटीचा. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावयाचा असेल, तर शिक्षकाचे लक्ष मुलाच्या प्रश्नापेक्षा सुताच्या वजनाकडे जाणे स्वाभाविक होते. शाळा कारखाने बनतील आणि कारागिरांशी स्पर्धा करतील, अशी शंका के. टी. शहा यांनी परिषदेच्या वेळीच उपस्थित केली होती. दुसरा दोष सामाजिक होता. ज्या समाजात व्यवसाय जातीने ठरलेला होता, तेथे हस्तव्यवसायाचे शिक्षण म्हणजे सुताराच्या मुलाला सुतारकामात आणि चर्मकाराच्या मुलाला चामड्यातच ठेवण्याचा प्रकार, असे अनेकांना वाटणे साहजिक होते. शहरातील सुस्थित कुटुंबांनी आपली मुले अशा शाळांत घातली नाहीत, यामुळे हा संशय बळावला.

स्वातंत्र्यानंतर नावे बदलत गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही संज्ञा पुढे आणली. प्रत्यक्षात वर्गात काय उरले, हे प्रस्तुत लेखकाच्या पिढीला ठाऊक आहे. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदी फुले केली. फुले वर्षाअखेर तपासली गेली व त्यांना गुण मिळाले. परंतु कागद कशाचा होतो, हा प्रश्न कागदाच्या गावातील त्या वर्गात कोणी विचारला नाही आणि आम्हालाही तो सुचला नाही.

दोन बोलकी उदाहरणे

मूळ विचार मात्र पूर्णपणे लोपला नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून पुढे आलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' या अभ्यासक्रमात शाळकरी मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या सर्वच क्षेत्रांत काम करतात. मुलाला एका व्यवसायात न अडकवता अनेक कामांतून विचाराची पद्धत देणे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. वर्धा योजनेवरील जातीच्या आक्षेपाला हे एक कृतिशील उत्तर मानता येईल.

दुसरे उदाहरण शाळेबाहेरचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडी गावात अभ्यासगट चालत आला आहे. गावकरी एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करतात, बाहेरील जाणकारांना बोलावतात. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. वनहक्क कायदा २००६ मध्ये आल्यानंतर या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. जो बांबू गावकरी इतरांसाठी मजुरीने तोडत होते, त्याच बांबूचे ते विक्रेते झाले. हे केवळ तोडण्याच्या कौशल्याने घडले नाही. कायदा वाचणे, हिशेब ठेवणे व प्रश्न विचारणे यांची त्याला जोड होती.

बल्लारपूरच्या संदर्भात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसोबत काम करावे, अशी शिफारस आहे. आपल्या परिसरात या दहा दिवसांसाठी बांबूइतका योग्य विषय दुसरा नाही. चिचपल्ली येथे २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सूप, टोपल्या व ताटवे विणणारे बुरड कारागीरही जवळच आहेत. कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची कशी गाठतो, मग तो पक्व होण्यास तीन-चार वर्षे का लागतात, मानवेल अनेक दशकांनी एकदम फुलून का मरतो, हे विज्ञान झाले. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड का मानले आणि २०१७ मध्ये वनेतर जमिनीवरील बांबू त्यातून का वगळला, हे नागरिकशास्त्र. एका टोपलीत किती बांबू, किती तास आणि किती मोबदला जातो, हे गणित. बुरडाच्या मुलाने ते शिकावे आणि अधिकाऱ्याच्या मुलानेही शिकावे, हे समाजशास्त्र.

मात्र दहा दिवसांनंतर मुलाने केलेली टोपली तपासली आणि त्याने विचारलेले प्रश्न तपासले नाहीत, तर कागदी फुलांचीच पुनरावृत्ती होईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, वर्धा योजनेत हस्तव्यवसाय हे साधन होते आणि विचारशक्तीचा विकास हे साध्य होते. अंमलबजावणीत साधन उरले, साध्य हरवले. आज 'कौशल्य' या शब्दाभोवती पुन्हा तेच घडण्याचा संभव आहे. आमच्या महाविद्यालयीन वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांना सनावळ्या पाठ असतात. परंतु 'असे का झाले असावे?' असे विचारले की वर्ग शांत होतो. ही शांतता त्यांच्या बुद्धीची उणीव दाखवत नाही. बारा-पंधरा वर्षे त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. बल्लारपूरच्या मुलांपैकी कोण मिलमध्ये जाईल, कोण वनखात्यात, कोण दूरच्या शहरात, हे आज सांगता येणार नाही. म्हणूनच त्यांना एका कामाची सवय लावण्यापेक्षा प्रत्येक कामात 'का' विचारण्याची सवय लावणे, हीच त्यांच्या भवितव्याची अधिक भक्कम तयारी ठरेल.