कोऱ्या गवताखालचा इतिहास

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, आयलेन नदीकाठी, स्किबरीन गावाजवळ अ‍ॅबीस्ट्र्यूरीची दफनभूमी आहे. तिथल्या ग्रामीण पॅरिशांतील अनेक जुन्या दफनभूमींप्रमाणे इथेही एका पडक्या चर्चचे अवशेष आहेत. धर्मसुधारणेच्या काळात अशी चर्चे आणि त्यांभोवतीची जमीन राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चकडे गेली. बहुसंख्य प्रजा कॅथलिकच राहिली, आणि पूर्वजांशेजारी विसावण्याचा हक्क तिने सोडला नाही. १८२३ मध्ये डब्लिनच्या सेंट केविन्स दफनभूमीत एका कॅथलिक धर्मगुरूला कबरीपाशी प्रार्थना करू दिली नाही. त्यातून क्षोभ उसळला. १८२४ च्या कायद्याने प्रार्थनेला वाट दिली, पण प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या परवानगीनेच.

१८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि हा वाद मागे पडला. पुढच्या काही वर्षांत भूक व साथींनी सुमारे दहा लाख माणसे गेली. एकट्या अ‍ॅबीस्ट्र्यूरीच्या सामुदायिक खड्ड्यांत आठ ते दहा हजार मृतदेह पुरले गेल्याचा अंदाज आहे. शवपेट्या पुरेनात, म्हणून तळ उघडणारी एकच पेटी पुन्हापुन्हा वापरली गेली.

या मृतांची कागदावरची ओळखही क्षीण आहे. कॅथलिक नोंदवह्यांत बाप्तिस्मा व विवाह असत. दफनाची नोंद क्वचितच. मृत्यूंची सर्वांसाठी सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनमधील अभिलेखागार जळाले. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद गेले.

मग कुळाचा शोध घेणारा शिलालेखांकडे वळतो. पण कोरीव दगड ऐपतदाराचा असतो. गरिबाच्या डोक्याशी शेतातला बिनअक्षरी धोंडा. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या अर्भकाला तर पवित्र भूमीही नाकारली जाई. त्यांच्यासाठी ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या जागा असत: जुन्या गढीच्या रिंगणात, शेताच्या बांधावर, समुद्रकाठी. विसाव्या शतकातही ही प्रथा चालू होती.

म्हणून अशा दफनभूमीत केवळ शिलालेख उतरवून घेणारा संशोधक ऐपतदारांचाच इतिहास लिहितो. दगडांमधली मोकळी हिरवळ हाही तिथला दस्तऐवजच आहे. ती रिकामी समजून तिथे वाट काढली किंवा यंत्र चालवले, तर त्या माणसांचा उरलेला एकमेव पुरावाही पुसला जाईल.