पॉइंट कोणी घालवले?

प्रीमियर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उचलून रोटर बाजूला केला की खाली पॉइंट दिसतात. मसुरीच्या डाळीएवढ्या दोन धातूच्या टिकल्या, एक जागेवर घट्ट, दुसरी स्प्रिंगवर. मधला चौकोनी कॅम फिरतो, त्याचा प्रत्येक कोपरा हलती टिकली उचलतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच बॅटरीच्या 12 व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर हे पॉइंट मिनिटाला 8000 वेळा उघडतात. प्रत्येक उघडण्याला एक छोटी ठिणगी तिथेही उडू पाहते, ती आवरायला कंडेन्सर असतो. तो बिघडला की एका टिकलीला खड्डा पडतो आणि समोरचीला पुटकुळी येते. तो ठीक असला तरी कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा झिजतोच. गॅप कमी होते, टायमिंग मागे पडते, गाडी मिसिंग करू लागते. मग मेकॅनिक पॉलिश पेपरने पॉइंट घासतो, फिलर गेजची पाती सरकवून गॅप लावतो आणि कॅप बसवतो. काही हजार किलोमीटरनी पुन्हा तेच.

ही रचना चार्ल्स केटरिंग यांची. ओहायोतल्या डेटन गावी, कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या या अभियंत्याची बॅटरी-कॉइलची इग्निशन 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसली आणि पुढची साठ वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या मूळ तत्त्व न बदलता तीच वापरत राहिल्या. मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन आली, ती सरस होती, म्हणून पॉइंट गेले, असे सर्रास सांगितले जाते. सरस ती आहेच. पण सरस वस्तू आली म्हणून जुनी गेली, हा हिशेब तारखांशी जुळत नाही. ट्रान्झिस्टर 1947 च्या अखेरीस तयार झाला. पाँटिअ‍ॅकने ट्रान्झिस्टरची इग्निशन 1963 मध्येच जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी ठेवली होती. बहुतेक गिऱ्हाइकांनी पॉइंटचीच गाडी नेली. आणि मग अचानक 1973 साली क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली, 1975 पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्डही त्याच वाटेने गेल्या. दहा वर्षे जे कोणाला फारसे नको होते ते दोन-तीन वर्षांत सगळ्यांना का हवेसे झाले?

कारण मध्ये 1970 चा स्वच्छ हवेचा अमेरिकी कायदा आला. धूर कमी करा एवढेच त्याने सांगितले नाही. गाडी 5 वर्षे किंवा 50,000 मैल (म्हणजे सुमारे 80,000 किलोमीटर) धावेपर्यंत धूर मर्यादेतच राहिला पाहिजे, असे सांगितले. माझ्या मते पॉइंटचा निकाल या एका अटीने लागला. जो भाग पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये झिजतो आणि झिजताना टायमिंगही सोबत नेतो, त्याच्या भरवशावर कंपनी असा शब्द देणार कसा? त्यात 1975 पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. एखादी ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली जाळी तापून निकामी होते. पूर्वी मिसिंग म्हणजे गाडीला बसणारे हिसके. आता तो महागड्या भागाचा नाश झाला.

यावर कोणी म्हणेल, खरे कारण सिलिकॉन. सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बॉनेटखालच्या उष्णतेत टिकत नसत; सिलिकॉनचे स्वस्त आणि दणकट झाल्यावरच हे शक्य झाले. आक्षेप बिनतोड आहे, पण तो ‘शक्य कसे झाले’ याचे उत्तर देतो, ‘तेव्हाच का’ याचे नाही. वेगाचा मुद्दा तर त्याहून लंगडा. फार वेगात स्प्रिंग मागे पडते आणि पॉइंट नीट मिटत नाहीत, हे रेसच्या गाड्यांबाबत खरे. 1089 सीसीच्या चार सिलिंडरवाल्या कुटुंबाच्या गाडीला तो त्रास कुठला?

उलट बाजूचा पुरावा आपल्याकडेच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये 1964 च्या फियाट 1100 डिलाइटचीच पुढे पद्मिनी झाली आणि ती या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिली. परवाना राजमुळे, असे म्हणून इथे विषय संपवला जातो. पण परवाना राज कारखान्याचे वागणे समजावते, गाडीमालकाचे नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवायला कोणाचा परवाना लागत नव्हता. मालकाला भाग पाडणारेच काही नव्हते. रस्त्यावरच्या चारचाकीची पीयूसी तपासणी तेव्हा गाडी जागेवर सुरू ठेवून फक्त कार्बन मोनॉक्साइड मोजत असे आणि 3 टक्क्यांची मर्यादा कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाठता येई. चुकलेली ठिणगी दिसते ती हायड्रोकार्बनच्या आकड्यात, आणि तो आकडा या तपासणीत 2004 च्या ऑक्टोबरपासून आला. कायदा ठिणगीकडे बघतच नव्हता, म्हणून पॉइंट टिकले. शिवाय पॉइंट बिघडतात ते हळूहळू, आधी सांगून, आणि रस्त्याच्या कडेला घासून घरी पोचता येते. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेले की गाडी जागच्या जागी उभी. जुन्या गाडीला आज असा संच बसवणारे शौकीनही पॉइंटचा एक सेट डिकीत ठेवतात, तो उगाच नाही.

मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी याच नियमाने 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली.