क्षमतांक निश्चितीच्या पद्धती (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक पात्राच्या बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव या सहा क्षमता आकड्यांत मांडल्या जातात. या आकड्यांना क्षमतांक म्हणतात. नव्या पात्राचे क्षमतांक परंपरेने ३ ते १८ च्या दरम्यान असतात. ते ठरवण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत: फासे टाकणे, आधीच ठरलेल्या आकड्यांचा संच वापरणे आणि ठरावीक गुण खर्च करून आकडे विकत घेणे. एकच पात्र अनेकदा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे खेळले जाते. त्यामुळे पहिल्या बैठकीत पाच मिनिटांत पडलेले दान खेळाडूची दीर्घकाळ सोबत करते. क्षमतांक कसे ठरवावेत याविषयीचा वाद जवळजवळ या खेळाइतकाच जुना आहे, तो याच कारणामुळे.

या लेखात ‘३डी६’ अशी रूढ खूण वापरली आहे. तिचा अर्थ सहा बाजूंचे तीन फासे टाकून त्यांची बेरीज करणे असा आहे.

== आरंभीची पद्धत ==

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ इ.स. १९७४ मध्ये टीएसआर या कंपनीने प्रकाशित केला. त्यातील नियमानुसार प्रत्येक क्षमतेसाठी क्रमाने ३डी६ टाकले जात. फासे टाकण्याचे कामही खेळाडूकडे नसून पंचाकडे होते. आधी आकडे पाहायचे आणि मग पात्र योद्धा होणार, जादूगार होणार की धर्मोपासक, हे ठरवायचे, असा हा उलटा क्रम होता. आजच्या खेळाडूला ही पद्धत निष्ठुर वाटते. पण तेव्हा क्षमतांकांचा प्रत्यक्ष खेळावर होणारा परिणाम मर्यादित होता. बळ जास्त असले तरी योद्ध्याचा घाव अधिक जोरकस होत नसे; त्याला मुख्यतः अनुभवगुण मिळवताना सवलत मिळे.

हे चित्र इ.स. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने बदलले. बळानुसार प्रहारात व हानीत वाढ मिळू लागली, तसेच बळ १८ असलेल्या योद्ध्यासाठी शंभरातील आकडा काढून ‘असाधारण बळ’ ठरवण्याची सोय झाली. आकड्यांना वजन आले, तशी ३डी६ ची मर्यादा बोचू लागली.

== फाशांच्या पद्धतींचा विस्तार ==

इ.स. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्समधील पॅलाडिन या वर्गासाठी बळ १२, बुद्धी ९, शहाणपण १३, काटकपणा ९ आणि प्रभाव १७ असे किमान क्षमतांक लागत. क्रमाने ३डी६ टाकून या सर्व अटी पूर्ण होण्याची शक्यता सुमारे हजारात एक इतकीच आहे. म्हणजे पुस्तकात सविस्तर वर्णन केलेला हा वर्ग जुन्या पद्धतीने बहुतेकांच्या वाट्याला कधीच आला नसता.

गायगॅक्स यांनी इ.स. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये चार पर्यायी पद्धती दिल्या. दुबळी पात्रे लवकर मरतात आणि त्यामुळे नवखे खेळाडू नाउमेद होतात, असे कारण त्यांनी पुढे केले. पहिल्या पद्धतीत चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा आणि मिळालेले सहा अंक हव्या त्या क्षमतांना द्यायचे. दुसरीत ३डी६ बारा वेळा टाकून उत्तम सहा अंक ठेवायचे. तिसरीत प्रत्येक क्षमतेसाठी सहा वेळा टाकून सर्वांत मोठा अंक घ्यायचा, तर चौथीत बारा पात्रांचे पूर्ण संच काढून त्यांतील एक निवडायचा. इ.स. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ने यावर कडी केली: मानवी पात्रासाठी सर्वांत महत्त्वाच्या क्षमतेला नऊ फासे, पुढच्या क्षमतांना एकेक कमी, आणि दरवेळी उत्तम तीन फाशांची बेरीज. येथे नशीब केवळ नावापुरते उरते.

विशेष म्हणजे इ.स. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने क्रमाने ३डी६ हीच पुन्हा पहिली पद्धत ठरवली व इतर पाच पद्धती पर्याय म्हणून दिल्या. तिसऱ्या आवृत्तीत (इ.स. २०००) मात्र चारांतून एक फासा वगळण्याची पद्धत मुख्य झाली. सर्वांत मोठा अंक १३ किंवा त्याहून कमी आल्यास संपूर्ण संच पुन्हा टाकण्याची मुभाही तिने दिली.

== संभाव्यता ==

तीन फाशांचे २१६ निकाल संभवतात. त्यांची सरासरी १०.५ असून एक चतुर्थांश वेळा बेरीज १० किंवा ११ येते. १८ मात्र २१६ मध्ये एकदाच येतो. चार फाशांतून सर्वांत लहान वगळल्यास सरासरी सुमारे १२.२४ होते, सर्वाधिक वेळा १३ येतो आणि १८ येण्याची शक्यता १,२९६ मध्ये २१, म्हणजे सुमारे १.६ टक्के होते. सहा अंकांपैकी किमान एक १८ असण्याची शक्यता ३डी६ मध्ये पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, तर या पद्धतीत नऊ टक्क्यांहून थोडी अधिक आहे.

सरासरी वाढली तरी दोन खेळाडूंमधली तफावत फारशी कमी होत नाही, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. फासा वगळल्याने सगळेच थोडे वर सरकतात. पण एकाच मेजावर एकाला १७, १६, १५ आणि दुसऱ्याला १२, ११, ९ मिळण्याचा प्रसंग टळत नाही.

== ठरावीक संच आणि गुणखरेदी ==

ही तफावत मिटवण्याचा सोपा उपाय म्हणजे सर्वांना तेच आकडे देणे. पाचव्या आवृत्तीतील (इ.स. २०१४) ठरावीक संच १५, १४, १३, १२, १०, ८ असा आहे. त्याची बेरीज ७२ होते. चार फाशांच्या पद्धतीत सहा अंकांची अपेक्षित बेरीज साडेत्र्याहत्तरच्या जवळ आहे. म्हणजेच संच निवडणारा किंचित तोटा सोसून खात्री विकत घेतो.

गुणखरेदीत खेळाडूला २७ गुण मिळतात. सर्व क्षमता ८ पासून सुरू होतात. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, त्यानंतर १४ व १५ साठी दोन-दोन गुण लागतात. त्यामुळे १५ ची एकूण किंमत ९ होते, आणि वरील ठरावीक संचही बरोबर २७ गुणांत बसतो. तीन क्षमता १५ आणि उरलेल्या तीन ८ असाही संच याच किमतीत मिळतो. इ.स. २०१४ च्या नियमांत वंशानुसार मिळणारी वाढ यानंतर धरली जात असे. चौथ्या आवृत्तीने (इ.स. २००८) संच व गुणखरेदी यांना अग्रस्थान देऊन फासे तिसऱ्या क्रमांकावर ठेवले होते.

== अन्य खेळांत ==

‘ट्रॅव्हलर’मध्ये (इ.स. १९७७) दोन फाशांनी गुणविशेष ठरत. पात्राची पूर्वायुष्यातील नोकरीही फाशांवर चाले आणि त्यात पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरू शके. ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ने (इ.स. १९८१) बुद्धी व आकारमान यांसाठी दोन फाशांत ६ मिळवले, त्यामुळे हे अंक ८ च्या खाली जात नाहीत. उलट स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘मेली’ (इ.स. १९७७) व ‘गर्प्स’ (इ.स. १९८६) या खेळांनी गुणवाटपाचा मार्ग धरला. एरिक वुजिक यांच्या ‘ॲम्बर डाइसलेस’मध्ये (इ.स. १९९१) तर फासेच नाहीत, खेळाडू एकमेकांविरुद्ध लिलावात बोली लावून गुणविशेष मिळवतात.

== मतभेद ==

फाशांचे समर्थक सांगतात, की अनपेक्षित आकड्यांतून खेळाडूने स्वतःहून कधी न रचलेले पात्र जन्माला येते, आणि गुणखरेदीत मात्र एकाच वर्गाची पात्रे एकमेकांची प्रत वाटू लागतात. या आक्षेपात तथ्य आहे. २७ गुणांचा जादूगार बहुधा १५ बुद्धी आणि ८ बळ घेऊनच येतो. विरोधकांचा मुद्दा न्यायाचा आहे. शिवाय घरी एकट्याने टाकलेल्या फाशांची पडताळणी करता येत नाही. त्यामुळे अनेक गटांत फासे सर्वांसमोर टाकण्याचा दंडक असतो, तर काही गट एकच संच काढून तो सर्वांनी वापरावा असे ठरवतात. खेळाडू एका मेजावरून दुसऱ्या मेजावर पात्र घेऊन जातात अशा ‘ॲडव्हेंचरर्स लीग’ या संघटित खेळात फाशांना परवानगी नसून ठरावीक संच किंवा गुणखरेदी यांपैकीच निवड करावी लागते.