काउंटीच्या कडेचं गाव

मराठी वाचकाला ‘काउंटी’ हा शब्द भेटतो तो बहुधा क्रिकेटमध्ये. गावसकर १९८० साली सॉमरसेटकडून खेळला, सचिन १९९२ साली यॉर्कशायरकडून. त्यामुळे काउंटी म्हणजे एक संघ, असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथचा इतिहास मी वाचायला घेतला आणि हा समज पार विस्कटला. या गावात क्रिकेटची काउंटी एक, कारभाराची दुसरी, असा प्रकार अनेक वर्षं चालू होता.

१८०० साली बोर्नमथ नावाचं गावच नव्हतं. पूर्वेला क्राइस्टचर्च होतं, अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेल्या भल्याथोरल्या चर्चभोवती वसलेलं, ते हॅम्पशायरमध्ये. पश्चिमेला पूल (मराठी पुलाशी काही संबंध नाही) हे जुनं बंदर; ते डॉर्सेटमध्ये. या दोन गावांच्या मध्ये मैलोन्‌मैल झुडपी माळ, त्यातून समुद्राला मिळणारा ‘बोर्न’ नावाचा ओढा आणि रात्री चोरटा माल उतरवणारे लोक. दोन काउंट्यांची सीमा याच माळावरून जायची. ती नेमकी कुठून जाते याची फारशी कुणाला फिकीर असण्याचं कारण नव्हतं.

आसपासच्या गरिबांना मात्र वेगळ्याच रेषांची झळ लागली. ते या माळावरून जळणासाठी वाळकी झुडपं आणि मातीची ढेपळं काढून नेत. १८०२ च्या कायद्यानं आणि १८०५ च्या निवाड्यानं ही सामाईक जमीन वाटली गेली आणि बहुतेक माळ खासगी झाला. जळणासाठी काही तुकडे तेवढे राखून ठेवले गेले. आज बोर्नमथमध्ये मेरिक पार्क, किंग्ज पार्क, क्वीन्स पार्क अशी मोठाली उद्यानं दिसतात, ती त्या राखीव तुकड्यांवरची आहेत. या गावाच्या इतिहासातली पहिली सीमा मला तरी हीच वाटते.

गावाचा संस्थापक म्हणून नाव घेतलं जातं ते लुइस ट्रेगॉनवेल यांचं. हे डॉर्सेटचे जमीनदार. फ्रान्सच्या स्वारीची धास्ती होती त्या काळात ते आपलं पथक घेऊन या किनाऱ्यावर गस्त घालत. १८१० साली पत्नीसह ते पुन्हा इकडे आले, सर जॉर्ज टॅप्स यांच्याकडून जमीन विकत घेतली आणि घर बांधलं. ते घर आज हॉटेल आहे. म्हणजे संस्थापक डॉर्सेटचा आणि गाव हॅम्पशायरचं, अशी गंमत पहिल्या दिवसापासूनच आहे.

पुढं माळावर लावलेली पाइनची झाडं वाढली. पाइनची हवा क्षयाच्या रोग्यांना मानवते, असा त्या काळचा समज. १८४१ साली डॉ. ग्रॅनव्हिल यांनी इंग्लंडमधल्या आरोग्यस्थळांवरच्या पुस्तकात या जागेची तारीफ केली आणि पैसेवाले रोगी येऊ लागले. १८५६ मध्ये संसदेच्या कायद्यानं गावाला पहिला स्वतंत्र कारभार मिळाला. त्याची हद्द ठरवली कशी, तर समुद्रकाठचं एक हॉटेल केंद्र धरून एक मैल त्रिज्येचं वर्तुळ काढलं. अर्थात त्यातला बराच भाग पाण्यात! १८७० साली रेल्वे आली, १८८० साली नवा धक्का झाला आणि गावाचं शहर झालं. १९०० साली बोर्नमथला ‘काउंटी बरो’चा दर्जा मिळाला. याचा अर्थ असा, की नकाशात शहर हॅम्पशायरमध्येच, पण शाळा-रस्त्यांसकट सगळा कारभार स्वतःचा. घर एक, चूल वेगळी.

वाढता वाढता शहर पश्चिमेला सीमेला जाऊन भिडलं. त्या जागेचं नाव काउंटी गेट्स. १९०१ साली पूलहून आलेली ट्राम इथपर्यंतच यायची. बोर्नमथची आणि पूलची ट्राम जोडली जायला आणखी काही वर्षं गेली. माळावरची बिनमहत्त्वाची रेषा आता भरवस्तीतून जात होती.

मग आला १९७२ चा स्थानिक स्वराज्य संस्थांचा कायदा. १ एप्रिल १९७४ पासून बोर्नमथ आणि क्राइस्टचर्च हॅम्पशायरमधून काढून डॉर्सेटमध्ये घातले गेले. तर्क सरळ होता. पूल, बोर्नमथ, क्राइस्टचर्च ही सलग वस्ती, तिला एकाच काउंटीत ठेवावं. हा तर्क मला चुकीचा वाटत नाही. पण याच फेरफारात बोर्नमथनं काउंटी बरोचे अधिकार गमावले आणि शाळांसारखे विषय डॉर्चेस्टरच्या काउंटी कौन्सिलकडे गेले. यावर सार्वमत झालं नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये जे. आर. आर. टॉल्किन बोर्नमथला वारले. त्यांच्या मृत्यूचं ठिकाण हॅम्पशायर लिहायचं की डॉर्सेट, असा घोळ त्यामुळे आजही होऊ शकतो.

क्रिकेटनं मात्र संसदेला जुमानलं नाही. बोर्नमथचं डीन पार्क हे हॅम्पशायरचं लाडकं मैदान. १९६१ साली डर्बिशायरला हरवून हॅम्पशायरनं आपलं पहिलं अजिंक्यपद इथेच मिळवलं. १९७४ नंतर हे मैदान डॉर्सेटमध्ये गेलं, तरी हॅम्पशायरचा संघ १९९२ पर्यंत इथे ‘घरच्या’ मैदानावर खेळत राहिला. अठरा वर्षं घर परक्या काउंटीत!

१९९७ मध्ये बोर्नमथला पुन्हा स्वतंत्र कारभार मिळाला. २०१९ मध्ये बोर्नमथ, पूल आणि क्राइस्टचर्च यांची मिळून एकच कौन्सिल झाली. पैशाची ओढाताण होती, तीन कचेऱ्यांपेक्षा एक स्वस्त पडेल हा हिशेब होता. क्राइस्टचर्चनं डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या लोकांचं मत घेतलं. ८४ टक्के मतं विलीनीकरणाच्या विरोधात पडली. कौन्सिल कोर्टात गेली, तिथंही हरली. ज्या गावाच्या माळावर बोर्नमथ जन्मलं, त्याच गावाला बोर्नमथच्या पोटात जावं लागलं. १९७४ साली लोकांना विचारलं नव्हतं. २०१७ साली गावानं विचारलं, पण त्यांच्या उत्तरानं काही बदललं नाही. या दोहोंतलं अधिक वाईट कोणतं, हे मला ठरवता येत नाही.

सीमा हलवू नयेत, असं माझं म्हणणं नाही. माणसं वाढतात, गावं पसरतात, तशा रेषाही हलणारच. पण रिकाम्या माळावरची रेषा हलवणं आणि माणसांच्या अंगणातली रेषा हलवणं, यात फरक आहे. दुसऱ्या वेळी घरातल्यांना विचारायला हवं, आणि विचारलं तर ऐकायला हवं.

काउंटी गेट्स हे नाव आजही आहे. १९७४ पासून तिथं काउंटीची सीमा नाही, २०१९ पासून कौन्सिलचीही नाही. गाड्या तिथल्या चौकाला वळसा घालून पूलकडे जातात, बोर्नमथकडे येतात. वेस कधीच गेली. वेशीचं नाव तेवढं राहिलं आहे.