शिडाच्या नौकेतील डिझेल

वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला डिझेल कशाला लागते, असा प्रश्न समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मूल-चंद्रपूरच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. नौका पुढे नेते ती शिडे. परंतु दिवे, संपर्कयंत्रणा आणि स्वयंचलित सुकाणू विजेवर चालतात आणि बॅटऱ्या भारित करण्यासाठी डिझेल जाळावे लागते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले व १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. अशा सफरीत टाकी पुन्हा भरण्याची सोयच नसते. निघताना घेतलेला साठा सुमारे पाच महिने पुरवायचा.

म्हणूनच अनुभवी नाविक इंधनमापकाच्या काट्यावर विसंबत नाहीत. हेलकाव्यांत तो काटा नाचत राहतो. इंजिन किती तास चालले याची रोज नोंद ठेवून ताशी खपाने गुणणे, हाच भरवशाचा हिशेब.

तरीही इंधन संपण्यापेक्षा ते बिघडण्याचा धोका मोठा. डिझेल पाण्याहून हलके असल्याने टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते आणि दोहोंच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढून काळपट गाळ तयार होतो. शांत बंदरात त्याचा पत्ताही लागत नाही. वादळात टाकी घुसळली की तोच गाळ गाळणीत अडकतो, आणि किनाऱ्यालगतच्या खडकांपासून दूर होण्यासाठी इंजिनाची खरी गरज असते, नेमके तेव्हाच ते बंद पडते.

अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतील बाष्प गोठून पाणी होते, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही. पण बहुतेक पाणी डेकवरील झाकणाच्या झिजलेल्या रबरी कड्यातून शिरते. हे कडे काही रुपयांचे! पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीच्या तळाचे पारदर्शक भांडे नियमित पाहावे, साचलेले पाणी काढून टाकावे आणि जादा गाळण्या जवळ बाळगाव्यात.

अनोळखी बंदरात पिंपातून डिझेल घेताना त्याचा नमुना काचेच्या बाटलीत काही वेळ स्थिर ठेवावा; पाणी असल्यास तळाशी दिसते. भरताना गाळणीचे नरसाळे वापरावे. डिझेलचे आणि पिण्याच्या पाण्याचे तोंड डेकवर बऱ्याचदा शेजारी असते. घाईत झालेली अदलाबदल भर समुद्रात जिवावर बेतू शकते. टाकी काठोकाठ भरू नये. दोनशे लिटर डिझेल दहा अंशांनी तापले, तर सुमारे दीड लिटरने फुगते आणि हवेच्या नळीतून थेट समुद्रात सांडते.

मूल परिसरातील भातगिरणीच्या जनित्राची टाकी हेलकावे खात नाही, एवढाच फरक. पावसाळ्यात तिच्या तळाशीही पाणी साचू शकते.