फ्लेक्सवरची मऊ कड

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. रस्ते, पाणी, निवडणुका यांवर आपण नेहमी बोलतो, पुढंही बोलूच. पण या सगळ्या विषयांचे फलक ज्या कॉम्प्युटरवर तयार होतात, तिथल्या एका छोट्या करामतीचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय. डिझायनर मंडळी तिला 'फेदर' म्हणतात. फोटोची कड मऊ करणं, एवढाच तिचा अर्थ. लांबलचक पोस्ट आहे, सवडीनं वाचा.

आपल्या देऊळगाव राजात बालाजी मंदिराकडे जाताना कुठल्याही फ्लेक्ससमोर दोन मिनिटं थांबा. मजकूर वाचू नका, फक्त फोटोंच्या कडा बघा. वर मोठे साहेब, मध्ये भाऊ, खाली शुभेच्छुकांची रांग. डोकं आणि खांदे कात्रीनं कापल्यासारखे स्वच्छ. पण छातीच्या खाली शर्ट हळूहळू विरत जातो आणि फ्लेक्सच्या रंगात मिसळतो. आता एखादा श्रद्धांजलीचा फलक बघा. तिथं बहुतेक वेळा चेहऱ्याभोवती चारही बाजूंनी धूसर वलय असतं. म्हणजे जिवंत माणसाची एकच कड मऊ, आणि गेलेल्या माणसाच्या सगळ्या. हा नियम कुठं लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. तो आला कुठून?

आधी ही करामत चालते कशी ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कॉम्प्युटरवर फोटोचा भाग निवडला की त्याच्यावर एक अदृश्य पडदा बसतो, त्याला मास्क म्हणतात. पडदा पांढरा तिथं फोटो दिसतो, काळा तिथं झाकला जातो, आणि करडा तिथं अर्धवट दिसतो. प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ अशी किंमत असते. कड टोकदार असेल तर २५५ वरून एकदम ०. कड मऊ केली की २५५, २२०, १५०, ६० असं उतरत उतरत ०. साधा फेदर दिला तर सगळीकडून सारखाच उतार मिळतो. फक्त खालची कड मऊ हवी असेल तर मास्कवर तेवढ्याच बाजूला पांढऱ्याकडून काळ्याकडे रंग उतरवत न्यायचा, नाहीतर मऊ ब्रशनं तेवढीच बाजू पुसायची. बाकीच्या कडांना हात लावायचा नाही. सरावलेल्या हाताला दोन मिनिटांचं काम.

या दोन मिनिटांच्या मागे मात्र दीडशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपल्याकडचे सुरुवातीचे व्यावसायिक छायाचित्रकार तिथूनच तयार झाले. त्या काळच्या स्टुडिओंत एक पद्धत सगळ्या जगात लोकप्रिय होती. निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढताना मध्ये एक पुठ्ठा धरायचा. पुठ्ठ्याला लंबगोल भोक आणि भोकाच्या कडेला करवतीसारखे दाते. पुठ्ठा कागदाला टेकवायचा नाही, थोडा वर ठेवायचा. कुणी दात्यांऐवजी कडेला कापूस लावायचे. त्यामुळे प्रकाश कडेला पसरायचा आणि चेहरा पांढऱ्या कागदात विरून जायचा. यात सोय होती. स्टुडिओतला फाटका पडदा, खुर्चीचा पाय, ग्राहकाचे पाय, काहीच दाखवावं लागत नव्हतं. सोबत एक भावही मिळायचा, माणूस जागेतून आणि काळातून सुटल्यासारखा दिसायचा. श्रद्धांजलीच्या फलकावरचं वलय हे त्या कापसाचंच वंशज.

दुसरा धागा छापखान्यातून येतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापाच्या चित्रांत देवांच्या डोक्यामागचं तेज कसं उतरत जातं ते बघा. कारागीर दगडावर बारीक ठिपके द्यायचे आणि बाहेर जाताना ते विरळ करत न्यायचे. आजचा करडा मास्क तेव्हा माणसाच्या हातात होता, एवढाच फरक. हीच छपाईची विद्या शिकलेला, फोटोग्राफी आणि ब्लॉक बनवण्याचं काम केलेला एक माणूस पुढं सिनेमाकडे वळला. ते दादासाहेब फाळके. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून पुढच्या पौराणिक चित्रपटांत त्यांनी चमत्कार दाखवले ते कॅमेऱ्यातच, एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश देऊन. अशा कामात भिंगासमोर पुठ्ठा धरून अर्धी चौकट झाकतात. पुठ्ठा भिंगाच्या फार जवळ असल्यानं त्याची कड फोकसबाहेर जाते आणि जोड मऊ होतो, दिसत नाही.

तिसरा धागा वर्तमानपत्रांचा. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा फोटोचा धातूचा ब्लॉक लागायचा. पुढाऱ्याचा 'कटआउट' हवा असेल तर कलाकार प्रिंटवर पांढरा रंग लावून मागचं सगळं झाकायचा. ती कड टोकदार असायची आणि बघणाऱ्याला कळायचं की हे कापून घेतलंय. गावात तर साइनबोर्ड पेंटरच सगळं रंगवायचा. त्यानं काढलेल्या दोन माणसांना शेजारी बघून कुणालाच वाटायचं नाही की हे खरोखर शेजारी उभे होते.

मग आला फेब्रुवारी १९९०. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी लिहिलेलं फोटोशॉप बाजारात आलं, सुरुवातीला फक्त मॅकिंटॉशवर. थॉमस विद्यापीठात संशोधन करत होता आणि जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत काम करत होता, हे लक्षात ठेवा. फाळक्यांच्या पुठ्ठ्याचं आणि या सॉफ्टवेअरचं गोत्र एकच, सिनेमातला जोड लपवणं. नंतरच्या एका आवृत्तीनं ते विंडोजवर आलं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे एकावर एक काचा ठेवल्यासारखे फोटो ठेवता येऊ लागले. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स छपाईची यंत्रं तालुक्यापर्यंत पोचली आणि पेंटरचा धंदा बसला. आता तर साहेबांचा कापून तयार केलेला फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. "पीएनजी पाठवा भाऊ," एवढं म्हटलं की काम झालं.

इथं माझा खरा मुद्दा येतो. पूर्वी जोड लपवायला कारागीर, वेळ आणि पैसा लागायचा. जिथं लागत नव्हता तिथं जोड उघडा दिसायचा. आता जोड लपवणं फुकट झालंय, आणि कुठली कड मऊ करायची नि कुठली ठेवायची हे ठरवणारा माणूस इतिहासही ठरवू लागलाय.

एक उदाहरण देतो, नाव-गाव सांगत नाही. मी तालुक्यातले जुने फोटो जमवतो. एका संस्थेच्या सुरुवातीच्या काळातला ग्रुप फोटो होता, दोन रांगा, पुढं खुर्च्या. कार्यक्रमासाठी त्यातून एकाच गृहस्थांचा चेहरा हवा होता. डिझायनरनं नेहमीसारखं काम केलं, डोकं स्वच्छ कापलं, शेजाऱ्याचा खांदा आड येत होता म्हणून ती बाजू मऊ करून पुसली, खालची कड विरवली. फ्लेक्स देखणा झाला. नंतर मूळ फोटो शोधला तर सापडेना, ना संस्थेत ना दुकानात. आज सगळीकडे तोच एकटा चेहरा फिरतो. संस्था उभी करताना त्यांच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं होतं, हे सांगणारा एकमेव कागद गेला. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण कडेला उभी असलेली माणसं नेहमीच कमी नावाजलेली असतात, म्हणून आधी तीच पुसली जातात.

हेतू वाईट असला की काय होतं तेही जगानं बघितलंय. सोव्हिएत रशियात स्टालिनच्या शेजारी कालव्याच्या काठावर उभा असलेला पोलीसप्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरला, १९४० मध्ये त्याला ठार केलं गेलं, आणि फोटोत त्याच्या जागी पाणी आलं. उलट दुसरं टोक बघा. २०१४ साली असोसिएटेड प्रेसनं एका पुलित्झर विजेत्या छायाचित्रकारासोबतचं काम थांबवलं. कारण काय, तर सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा कॅमेरा आला होता, तो त्यानं पुसला. बातमी बदलली नव्हती. तरीही त्यांनी मानलं की कोपरासुद्धा पुराव्याचा भाग आहे.

आता आपल्या घरचं. शेजारच्या सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी लाखोंची गर्दी होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक लागतात. राजवाड्याच्या दरवाजाचा खरा फोटो, त्यात चित्रकाराच्या कल्पनेतल्या जिजाऊ, आणि खाली आजचे पुढारी, सगळ्यांच्या कडा एकमेकांत विरलेल्या. मोठ्यांना कळतं की हे तीन वेगळ्या काळांतले आणि तीन वेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत. पाचवीतल्या पोराला कसं कळणार? चित्राच्या बाबतीत फसगत आपल्याकडे आधीही झालीय. भलत्याच सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून बरीच वर्षं छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून अस्सल चित्र शोधलं आणि १९३३ साली लोकांसमोर आणलं. बेंद्र्यांना ते जमलं, कारण मूळ कागद कुणीतरी जपून ठेवला होता. आपण मूळ कागदच ठेवला नाही तर उद्याचा बेंद्रे काय शोधणार?

कुणी म्हणेल, याला फेदरचाच राग दिसतोय. तसं नाही. फाटलेल्या, वाळवी लागलेल्या फोटोतून आजोबांचा चेहरा वाचवून देणारा डिझायनर त्या घरावर उपकारच करतो. लग्नाच्या अल्बमात, पत्रिकेत, देवाच्या चित्रात कडा खुशाल मऊ करा. त्यात कुणी काही शाबीत करत नसतं. जिथं फोटो साक्ष देतो, तिथं मात्र कडेला हात लावताना विचार करायला हवा.

म्हणून तीनच विनंत्या. पहिली, जुन्या फोटोवर काम करायचं असेल तर आधी पूर्ण फोटो चारही कडांसकट, पुठ्ठ्यासकट आणि मागच्या शाईच्या अक्षरांसकट स्कॅन करा. ती फाइल वेगळी ठेवा, काम नकलेवर करा. दुसरी, मास्क वापरा, खोडरबर नको. मास्कमागचा फोटो शाबूत राहतो, उद्या पडदा काढला की शेजारचा माणूस परत दिसतो. खोडरबरानं पुसून फाइल बंद केली की तो गेलाच. तिसरी, शाळा, ग्रामपंचायत, नगरपरिषद, देवस्थान यांच्या फलकांवर वेगवेगळे फोटो जोडले असतील तर खाली बारीक अक्षरात 'जोडचित्र' एवढं छापा. एक शब्द. त्याला जागा किती लागते?

अश्विनात बालाजीच्या यात्रेत लाटांचा मंडप उभा राहतो. तो उभारणाऱ्या शेकडो हातांचे जुने फोटो कुणाच्या ना कुणाच्या पेटीत नक्की असतील. त्यात मधोमध उभे असलेले मानकरी आपल्याला माहीत आहेत. मला कडेला उभे असलेले हवेत, दोर ओढणारे, अर्धेच चौकटीत आलेले, हललेले. तुमच्याकडे असा फोटो असेल तर कापू नका, उजळवू नका, आहे तसा पाठवा. आणि त्यातलं कुणी ओळखू येत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून नाव लिहून ठेवा, तेही या यात्रेच्या आधी.